परंपरा म्हणता ती पार्सलमधून आली

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर फुटबॉल क्लबांच्या जर्सी आणि बॅजवर जो मोठा लेख आला तो मी दोनदा वाचला, एकदा आवडला म्हणून आणि दुसऱ्यांदा डोक्यात गेला म्हणून. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की क्लबांच्या संस्थापकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खूप विचार करून रंग निवडले, त्यात आपल्या शहराचा आत्मा ओतला, आणि आताच्या पैसेवाल्या मालकांनी त्याचा बाजार मांडला. बाजाराचं मान्य. पण ते विचार करून आत्मा ओतला वगैरे जे आहे ना ते साफ चूक आहे, आणि गंमत म्हणजे लेखासोबत फोटो कुणाचा छापलाय तर इटलीतल्या ट्युरिन शहराच्या युव्हेंटसचा!

अहो, युव्हेंटस १८९७ मध्ये सुरू झाला तेव्हा ती मुलं गुलाबी शर्ट घालून खेळायची. धुऊन धुऊन त्या गुलाबीचा पार पिठूळ रंग झाला, तेव्हा १९०३ मध्ये क्लबमधल्या जॉन सॅव्हेज नावाच्या इंग्रजाला सांगितलं की बाबा तुझ्या देशातून जरा टिकाऊ कापडाचे शर्ट मागव. त्याचा नॉटिंगहॅममध्ये एक मित्र होता, तो तिथल्या नॉट्स काउंटी क्लबचा चाहता, त्याने आपल्या लाडक्या क्लबचे काळे-पांढरे पट्टे पाठवून दिले. झालं. ट्युरिनचा आत्मा नॉटिंगहॅमहून पार्सलने आला. आणि ही गोष्ट युव्हेंटसवाले लपवत नाहीत हे विशेष, २०११ मध्ये त्यांचं नवं स्टेडियम उघडलं तेव्हा पहिल्या मॅचला मुद्दाम नॉट्स काउंटीला बोलावलं, एवढा मोठा क्लब आणि समोर इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनची टीम, आणि मॅच सुटली १-१. मला तर वाटतं पाहुण्यांनी मान राखला, का यजमानांनी, कुणास ठाऊक.

बिल्बाओचं तर याहून भारी. स्पेनमधला अॅथलेटिक बिल्बाओ आधी इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबसारखे अर्धे निळे अर्धे पांढरे शर्ट घालायचा. १९०९ च्या शेवटी हुआन एलोर्दुय नावाचा त्यांचा माणूस इंग्लंडला गेला, त्याला सांगितलेलं की येताना तसलेच शर्ट घेऊन ये, तो शोधून दमला, पुरेसे मिळेनात, परतीची बोट साउथहॅम्प्टनहून होती म्हणून तिथल्या क्लबचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट उचलले आणि आला. त्यातले काही माद्रिदच्या शाखेला गेले कारण तेव्हा अॅटलेटिको माद्रिद ही बिल्बाओचीच शाखा होती, पण माद्रिदवाल्यांकडे जुन्या निळ्या चड्ड्या होत्या त्या काही त्यांनी टाकल्या नाहीत, म्हणून आजही अॅटलेटिको लाल-पांढऱ्या शर्टवर निळी चड्डी घालतो. पुढे त्या पट्ट्यांवरून त्यांना गादीवाले असं नाव पडलं, कारण तेव्हा स्पेनमध्ये गाद्यांच्या खोळी तसल्याच पट्ट्यांच्या असायच्या. आता यात शहराचा आत्मा कुठे आणि विचार कुठे ते लेखकांनी सांगावं.

आर्सेनलचा लाल म्हणजे १८८६ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने दान दिलेले शर्ट, कारण फॉरेस्टचे जुने खेळाडू, आर्सेनल जिथल्या कामगारांनी काढला त्या लंडनमधल्या वूलिचच्या कारखान्यात नोकरीला होते आणि त्यांनी पत्र टाकून मागितले. त्या पांढऱ्या बाह्या तर १९३३ मध्ये आल्या, हर्बर्ट चॅपमन मॅनेजर होते त्या वेळी. लिव्हरपूल, ज्याला सगळं जग लाल म्हणून ओळखतं, तो १८९२ मध्ये पहिल्यांदा मैदानात उतरला तो निळ्या-पांढऱ्यात. अर्जेंटिनातल्या बोका ज्युनियर्सचे तर सांगतात की रंग ठरेना म्हणून बंदरात जी पहिली बोट येईल तिच्या झेंड्याचा रंग घ्यायचा असं ठरलं आणि आली नेमकी स्वीडनची बोट, म्हणून निळा-पिवळा. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण जो क्लब स्वतःबद्दल अशी गोष्ट कौतुकाने सांगतो त्याला रंग कुठून आला याची लाज वाटत नाही एवढं तरी कळतं.

हे सगळं लिहून मी गप्प बसणार होतो, पण गुरुवारच्या अंकात त्या लेखावर दोन पत्रं आली आणि त्यातल्या एकाने लिहिलंय की हे सगळं शेवटी कापड आहे, मालकाने पैसे घातलेत तर मालकाने रंग ठरवावा, चाहत्यांनी खेळ बघावा. म्हणजे एक म्हणतो रंग देवाने दिला आणि दुसरा म्हणतो रंग म्हणजे दुकानाची पाटी. दोघांच्या मधे काहीतरी आहे ना.

वेल्समधला कार्डिफ सिटी बघा. २०१२ मध्ये मालक व्हिन्सेंट टॅन यांनी ठरवलं की निळ्याचा लाल करायचा, म्हणजे लाल रंग शुभ आणि आशियातल्या मार्केटमध्ये चालतो, बॅजवर मोठा ड्रॅगन आणि ज्या निळ्या पक्ष्यावरून क्लबला ब्लूबर्ड्स म्हणतात तो खाली कोपऱ्यात बारीक. आणि लाल घालून ते जिंकले पण! २०१३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये गेले, १९६२ नंतर पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनला. म्हणजे पैसा होता, यश होतं, तरी स्टेडियममध्ये लोक निळे मफलर घालून बसायचे आणि शेवटी जानेवारी २०१५ मध्ये टॅननी निळा परत दिला. कापडच असतं तर पन्नास वर्षांनी मिळालेल्या यशाने लोक कधीच विसरले असते.

साल्झबर्गची गोष्ट याहून कडू. २००५ मध्ये रेड बुल या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीने ऑस्ट्रिया साल्झबर्ग हा क्लब विकत घेतला आणि जांभळा-पांढरा काढून लाल-पांढरा केला. चाहत्यांनी विनवण्या केल्या की थोडा तरी जांभळा ठेवा, तर गोलकीपरचे मोजे जांभळे ठेवू असं सांगितलं गेलं. मोजे! माणसाला घरातून काढायचं आणि वर म्हणायचं पायपुसणं तुझं राहू दे, त्यातला प्रकार. मग त्या लोकांनी काय केलं, उठले आणि जुन्या नावाने जांभळा क्लब परत काढला आणि सगळ्यात तळाच्या डिव्हिजनपासून खेळायला लागले.

आता इथे मलाच एक अडचण आहे ती प्रामाणिकपणे सांगतो. लीड्स युनायटेडचा रंग निळा-पिवळा होता, १९६१ मध्ये डॉन रेव्ही मॅनेजर झाले आणि त्यांनी रिअल माद्रिदसारखं सगळं पांढरं करून टाकलं, कुणाला विचारलं नाही. लिव्हरपूलचे मॅनेजर बिल शँकली यांनी १९६४ मध्ये बेल्जियमच्या अँडरलेख्तविरुद्धच्या मॅचआधी आपल्या रॉन येट्स या खेळाडूला लाल शर्टवर लाल चड्डी घालून बघायला सांगितलं, आधीच धिप्पाड माणूस तो अजून राक्षसासारखा दिसायला लागला, शँकली खूश, टीम लालेलाल. तिथेही कुणाला विचारलं नाही. मग रेव्ही-शँकली थोर आणि टॅन खलनायक हे कसं? जिंकले म्हणून म्हणाल तर टॅनची टीम पण वर गेलीच की, आणि रेव्हींची लीड्स तर त्या वेळी सेकंड डिव्हिजनमध्ये धडपडत होती.

मला जे सुचतं ते असं की १९६१ मध्ये क्लबचा शर्ट फक्त अकरा जणांच्या अंगावर असायचा. चाहते मफलर, टोपी, फार तर छातीला फीत लावून यायचे, बाकी अंगात रोजचा कोट. शर्ट विकायचा धंदा सुरू झाला सत्तरीच्या दशकात, अॅडमिरल कंपनीने लीड्सच्याच शर्टांपासून तो जोरात चालवला, कंपनीचं चिन्ह शर्टवर आलं आणि पोरांना तोच शर्ट दुकानात मिळायला लागला. तिथून पुढे मॅचला जाणाऱ्या माणसाच्या अंगावर पण तोच रंग. बापाचा शर्ट, पोराचा शर्ट, कपाटात दहा-बारा सीझनचे शर्ट. रेव्हींनी अकरा खेळाडूंचे शर्ट बदलले, टॅननी हजारो लोकांची कपाटं बदलायला सांगितली. आणि यात मौज अशी आहे की हे ज्यांनी घडवलं ते शर्ट विकणारेच, म्हणजे ज्या बाजाराला तुमचे लेखक शिव्या देतात त्यानेच रंग लोकांच्या ताब्यात दिला. मी काही कंपन्यांची तरफदारी करत नाहीये, दरवर्षी तीन-तीन किट काढतात ती लूटच आहे.

त्या तीन किटांवरून आठवलं, लेखात असंही होतं की दुसरी जर्सी हे आजच्या मार्केटिंगचं खूळ. तिसरी म्हणा हवं तर, दुसरी नाही. दोन टीमचे रंग सारखे आले तर पंचाईत म्हणून १८९२ मध्येच इंग्लिश लीगने दुसरा सेट ठेवायला लावला होता, फक्त तेव्हा बदलायचं यजमान टीमने, पाहुण्यांनी बदलायचं हे १९२१ पासून. गोलकीपरचा वेगळा रंग पण १९०९ चा, त्याआधी तोही बाकीच्यांसारखाच शर्ट घालायचा आणि गर्दीत बॉल कुणी हाताने अडवला ते रेफ्रीला कळायचं नाही. आणि रंगाचं खेळातलं काम काय असतं ते बघायचं तर मँचेस्टर युनायटेडची १९९६ ची ती राखाडी जर्सी, साउथहॅम्प्टनविरुद्ध हाफ टाइमला ०-३, मॅनेजर फर्ग्युसन म्हणाले पोरांना एकमेक दिसत नाहीयेत, मधल्या वेळात शर्ट बदलले, तरी १-३ हरलेच. मला विचाराल तर शर्टापेक्षा डिफेन्सचा दोष जास्त होता.

युनायटेडचंच अजून एक. न्यूटन हीथ असताना हा क्लब हिरवा-सोनेरी होता, १९०२ मध्ये नाव बदललं आणि लाल झाला. पुढे त्या हिरव्याला फारसं कुणी विचारलं नाही, आणि २०१० मध्ये मालकांवर राग काढायचा म्हणून लोक अचानक हिरवे-सोनेरी मफलर घालून यायला लागले. पूर्ण स्टेडियमभर. युनायटेडचाच जुना खेळाडू बेकहॅम मिलानकडून खेळायला आला तर त्यानेही मॅच संपल्यावर एक उचलून गळ्यात घातला.

बॅजबद्दल लेखात फार काही नव्हतं म्हणून थोडंच लिहितो. जाहिरातवाल्यांनी बॅज खाल्ला ही तक्रार आजची नाही, जर्मनीत शर्टवर जाहिरातीला बंदी होती तेव्हा १९७३ मध्ये आयंट्राख्ट ब्राउनश्वाइग या क्लबने बॅजवरचा आपला सिंह काढून येगरमाइस्टर या दारूच्या बाटलीवरचं सांबराचं डोकं हाच क्लबचा बॅज करून टाकला, वर सभासदांच्या मतदानाने! बॅजवर बंदी घालता येईना म्हणून त्याच वर्षी जाहिरातीलाच परवानगी मिळाली. आणि लोकांना विचारलं की सगळं नीट होतं असंही नाही, लीड्सने २०१८ मध्ये दहा हजार लोकांशी बोललो म्हणत छातीवर मूठ धरलेल्या माणसाचा नवा बॅज आणला आणि एका दिवसात विरोधात पन्नास हजारांच्या वर सह्या पडल्या, गुपचूप मागे घ्यावा लागला. बार्सिलोनाच्या बॅजवरच्या कातालान म्हणजे तिथल्या प्रदेशाच्या झेंड्याच्या चार पट्ट्यांच्या स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत दोन केल्या होत्या, त्या १९४९ मध्ये परत चार झाल्या. सरकारला दोन पट्ट्या खुपत होत्या म्हणजे बॅज ही काही साधी शोभेची वस्तू नाही.

आपल्याकडचं उदाहरण तुम्ही घेतलंच नाही याचं वाईट वाटलं. कोलकात्याचा मोहन बागान, १८८९ चा क्लब, १९११ मध्ये अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकलेला. २०२० मध्ये एटीके या कोलकात्याच्याच क्लबबरोबर एकत्र आला तेव्हा हिरवा-मरून रंग ठेवला, बॅजवरची शिडाची नाव ठेवली, फक्त नावापुढे एटीके लागलं. कार्डिफच्या मानाने किती समजूतदारपणा, पण नाही, कोलकात्यातले चाहते तीन वर्षं रिमूव्ह एटीके, रिमूव्ह एटीके करत राहिले आणि २०२३ मध्ये आयएसएल ही देशातली लीग जिंकल्या जिंकल्या मालकांनी ते नाव काढल्याचं जाहीर केलं. आता सुपर जायंट लागलंय ते वेगळं. तेव्हा रंग वाचवला की काम झालं असं मालकांनी समजू नये.

शेवटी तुमच्याकडे दोन साध्या मागण्या. एक, तुम्ही रोज जो मॅचचा तक्ता छापता त्यात युव्हेंटसचा बैलवाला लंबगोल बॅज अजून आहे, तो २०१७ मध्येच गेला आणि तिथे इंग्रजी J हे अक्षर आलं, मलाही जुनाच आवडतो पण तक्ता आजचा हवा. आणि दुसरं, मॅचचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट छापलात की कोण कोणत्या रंगात खेळलं ते निदान खाली एका ओळीत लिहा, मागच्या आठवड्यात तर हरलेल्या टीमच्या फोटोखाली विजयाचा जल्लोष असं छापलं होतं.

आपला,
एक जुना वाचक