पुसण्याआधी विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात सलग दोन संध्याकाळी आपण आमच्या घरी बसून संगणक पुन्हा कामाला लावून दिलात. त्या वेळी दारात उभ्या उभ्या मी आभार मानले, पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. माझ्यासारख्या आणखी कोणाला उपयोग व्हावा म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

मी घरी बसून अक्षरजुळणीची कामे करते, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या आठवड्यात दिवाळी अंकाची पाने लावत असताना फाइल सेव्ह होईना. सी ड्राइव्हची, म्हणजे विंडोज असलेल्या डिस्कच्या भागाची, पट्टी लाल झाली होती आणि १०० जीबीपैकी जेमतेम १.८ जीबी जागा उरली होती. संगणक सुरू होण्यास सहा-सात मिनिटे लागत. दुरुस्तीच्या एका दुकानात चौकशी केली, तेव्हा ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे डिस्क पुसून सगळे नव्याने बसवावे लागेल, एवढेच उत्तर मिळाले. डी ड्राइव्हवर माझ्या दिवंगत वडिलांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे आहेत. ती जातील की काय, या काळजीने मला रात्रभर झोप लागली नाही.

आपण आलात आणि माउसला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटला कान लावून काही क्षण ऐकत राहिलात, हे मला अजून आठवते. टकटक असा आवाज येत नाही, याची खात्री करून आपण हार्ड डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदी, पाहिल्या आणि खराब सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरील निकामी जागांचा, आकडा शून्य असल्याचे मला दाखवले. डिस्क आजारी असेल, तर डिफ्रॅगचे, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचे, काही तासांचे श्रम तिला सोसत नाहीत, म्हणून ही तपासणी आधी करायची, असे आपण सांगितलेत. त्यानंतर आपली स्वतःची बाह्य डिस्क जोडून वडिलांच्या ध्वनिमुद्रणांसह सगळ्या कामाची प्रत काढून ठेवलीत. पहिली संध्याकाळ जवळजवळ त्यातच गेली, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे काम तेच होते.

डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक वस्तू सी ड्राइव्हचीच जागा खाते, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. तेथे साठलेले २३ जीबी फोटो आपण डी ड्राइव्हवर हलवलेत. डाउनलोड्समधील एकेक फाइल मला दाखवून, ‘ही हवी आहे का?’ असे विचारत ११ जीबी मोकळे केलेत. डिस्क क्लीनअपमधून जुन्या अपडेटच्या आणि तात्पुरत्या फाइली काढल्यावर आणखी ७ जीबी मिळाले. हायबरनेशनची फाइल (संगणक बंद करताना चालू काम जशाच्या तसे डिस्कवर जपणाऱ्या सोयीची) ८ जीबी रॅमच्या संगणकावर सुमारे ३.२ जीबी जागा अडवते. ही सोय बंद केली, तर फास्ट स्टार्टअप, म्हणजे संगणक झटपट सुरू होण्याची सोयही बंद होईल, हे आधी स्पष्ट करून मग आपण माझी संमती घेतलीत. विनएसएक्सएस नावाचा, विंडोजच्या स्वतःच्या घटकांचा फोल्डर मात्र मी पुसायला निघाले होते, तेव्हा आपण माझा हात थांबवलात. त्याचा दिसणारा आकार खऱ्यापेक्षा मोठा असतो आणि तो हाताने पुसला, तर विंडोज कोलमडू शकते, हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

डिफ्रॅग आधी का नाही, हा माझा प्रश्न होता. डिस्कवर निदान पंधरा टक्के जागा रिकामी असावी, नाहीतर तुकडे उचलून ठेवायला जागाच राहत नाही, असे आपण म्हणालात. पुढे दिलेले पोथीचे उदाहरण तर मी कधीच विसरणार नाही. पोथीची सुटी पाने घरातल्या नऊ कोनाड्यांत ठेवली, तर वाचणाऱ्याला दर पानासाठी उठावे लागते; तसे डिस्कच्या वाचणाऱ्या हेडला प्रत्येक तुकड्यासाठी जागा बदलावी लागते. माझी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हजारो तुकड्यांसाठी अशी वाट पाहावी लागली, की मिनिटे कशी खर्ची पडतात, हे आपण कागदावर आकडेमोड करून दाखवलेत. विश्लेषणात ३४ टक्के तुकडे निघाले. यूपीएसवर संगणक ठेवून काम सुरू केले, ते तीन तासांनी संपले, आणि तोवर आपण घरी जेवायलाही गेला नाहीत.

भावाच्या नव्या लॅपटॉपवरही असेच करावे का, असे मी विचारले, तेव्हा आपण तत्काळ नकार दिलात. त्यात एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क आहे, फिरणारी तबकडी नाही, त्यामुळे तुकड्यांचा असा त्रास तिला होत नाही. उलट विनाकारण लिहिण्याने तिची झीज होते आणि ट्रिमचे, म्हणजे कोणती जागा आता नको आहे हे एसएसडीला कळवण्याचे, काम विंडोज स्वतःच करते, हे आपण सांगितलेत. अपुऱ्या माहितीवर मी ती चूक नक्की केली असती.

आज सी ड्राइव्हवर ४५ जीबी जागा मोकळी आहे, संगणक दीड मिनिटात सुरू होतो आणि दिवाळी अंकाची पाने वेळेत छापखान्यात गेली. मी स्वतःची १ टीबीची बाह्य डिस्क घेतली असून वडिलांच्या ध्वनिमुद्रणांची प्रत तिच्यावर घेतली आहे. आपली डिस्क या पत्रासोबत परत पाठवत आहे. तिच्यावरील माझ्या फाइली मी पुसलेल्या नाहीत. त्या आपण आपल्या सवडीने पुसाव्यात.

आपली कृतज्ञ,
तळमजल्यावरील शेजारीण