परत आल्याचा दाखला कोण देणार?

महोदय,

प्रवासी भारतीय दिवस ९ जानेवारीलाच का, हे शाळेतली मुलंही सांगतील. १९१५ साली त्या तारखेला गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईत उतरले. म्हणजे दिवस परत येणाऱ्याचा. २००३ पासून तो साजरा होतो, पण मंडपात मान असतो तो तिकडेच राहून इकडे पैसे गुंतवणाऱ्यांना. कायमचं परत आलेल्याला कुणी हार घालावा असं मी म्हणत नाही. त्याला निदान आपला समजा, एवढंच म्हणणं आहे.

मी शारजात २४ वर्षं एसीचं काम केलं. डक्ट उचलण्यापासून सुरुवात, शेवटी फोरमन. २०२३ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, व्हिसा 'कॅन्सल' करून आलो. गल्फमध्ये व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. पेन्शन नाही, फक्त 'हिसाब' मिळतो: पहिल्या पाच वर्षांचा दर वर्षी २१ दिवसांचा पगार आणि पुढे दर वर्षी ३० दिवसांचा. माझे झाले ६७५ दिवस. तेही बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर, आणि बेसिक कंपनी मुद्दाम कमी ठेवते. माझा बेसिक महिन्याला दीड हजार दिरहम. पावणेचौतीस हजार दिरहम हातात पडले. असो, ते ठाऊक असूनच गेलो होतो.

खरी गंमत गावात सुरू झाली. रेशनकार्डावर माझ्या नावावर लाल शाईची रेघ आणि शेजारी शेरा, 'परदेशी'. २००९ सालचा. धान्याचं मला काही नाही, पण महात्मा फुले योजनेत दवाखान्यात दाखल व्हायचं तर हेच कार्ड मागतात, आणि मला मधुमेह आहे. कंपनीचा विमा नोकरीबरोबर गेला. नवीन पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. सत्तरी पार केलेल्यांचं आयुष्मान कार्ड घ्यायला मी आधी सत्तरीपर्यंत पोचलो पाहिजे.

पुरवठा विभागातले क्लार्क वाईट माणूस नव्हते. चहा विचारला. मग म्हणाले, "काका, परत आल्याचा दाखला आणा." पासपोर्ट दाखवला. "शिक्का तर तुम्ही सुट्टीवर येता तेव्हाही पडतो. कायमचे आलात हे यावरून कसं कळणार?" मुद्दा बिनतोड होता. व्हिसा रद्द झाल्याचा कागद काढला, तर तो अर्धा अरबीत. "मराठी करून आणा." मंडणगडात अरबीचं मराठी कोण करून देणार? तलाठ्यांकडे गेलो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). त्यांनी रहिवासी दाखला दिला, परतल्याचा दाखला त्यांच्या यादीतच नाही. शेवटी स्वयंघोषणापत्र लिहून दिलं. त्यावर क्लार्कने विचारलं, "विमानाचा बोर्डिंग पास ठेवलाय का?"

बँकेत उलट झालं. तिथे दोन वर्षं कुणी काहीच विचारलं नाही. मी महिन्याला पासबुक भरून आणत होतो, एनआरई (परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या खात्यातली) ठेवही एकदा नूतन करून दिली. मग एका नवीन आलेल्या बाईंनी सहज विचारलं, "परत कधी निघणार?" म्हटलं, मी आता जात नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कायमचं परतलं की एनआरई खातं निवासी करून घ्यावं लागतं, त्यावरचं व्याजही मग करमुक्त राहत नाही. दोन वर्षांचा कर व्याजासकट भरला. चूक माझी, मान्य. पण परकीय चलन तसंच ठेवता येईल असं आरएफसी खातं असतं, हे मला फोनवर मलप्पुरमच्या जुन्या रूममेटने सांगितलं.

या रूममेटला आम्ही हसायचो. दर महिन्याला तो केरळच्या प्रवासी कल्याण मंडळाची वर्गणी भरायचा. आता साठीनंतर त्याला पेन्शन आहे. तिथे १९९६ पासून परदेशी गेलेल्या केरळी लोकांसाठी 'नोर्का' हे स्वतंत्र सरकारी खातं आहे. परतलेल्याने धंदा काढला तर ३० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला कर्ज आणि १५ टक्के अनुदान मिळतं. केंद्रानेही २०१२ मध्ये पेन्शन आणि परतीच्या बेगमीची एक योजना आणली होती. ती काही वर्षांतच गुंडाळली.

मंडणगड, दापोली, खेड, म्हसळा, श्रीवर्धन: इथल्या कितीतरी घरांचे चिरे गल्फच्या पैशाने बसलेत. तहसील कार्यालयात महिन्यातून एक दिवस एक खिडकी परतलेल्यांसाठी उघडा. रेशन, मतदार यादी, बँकेची माहिती आणि तो एक दाखला, जो आज कुणाच्याच यादीत नाही.

माझा अर्ज अजून 'वर' गेलेला आहे. शेजारचा मुलगा पुढच्या महिन्यात कुवेतहून कायमचा येतोय. त्याला मी फोन करून एवढंच सांगितलं, बोर्डिंग पास फेकू नकोस.

— एक वाचक, ता. मंडणगड, जि. रत्नागिरी