गिटार घेताना तारांची उंची पाहा

संपादक महोदय,

परीक्षा संपल्या की जळगाव, भुसावळ, धुळ्यात मुलांसाठी हौसेने गिटार घेतली जाते आणि पावसाळा लागायच्या आत ती कपाटावर जाते. ‘पोराला चिकाटी नाही’ असं म्हटलं जातं, ते बऱ्याचदा अन्यायाचं असतं. स्वस्त गिटारीत तारा फार उंच असतात, खोट तिथे असते.

गिटारीच्या मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्या म्हणजे फ्रेट. बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी धरून मोजा. फ्रेट आणि सर्वांत जाड तार यांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर हवं. चार असेल तर बोटं सोलवटतातच, शिवाय दाबताना तार जास्त ताणली जाऊन स्वर चढा लागतो. ब्रिजमधली (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्यातली) सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी, जाणकाराकडून खालून घासून घ्यावी; तिथे दोन मिलिमीटर घासले की बाराव्या फ्रेटवर एकच कमी होतो. सुरुवातीला ज्यातली सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची असते, असा बारीक तारसंच लावावा.

ई मायनर या कॉर्डपासून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळापासून) आरंभ करावा: बारीक तारेकडून मोजत पाचवी आणि चौथी तार, दुसरा फ्रेट, दोनच बोटं. बोट फ्रेटच्या धातूपट्टीला अगदी लागून, तिच्या अलीकडे ठेवावं. लांब राहिलं की तार खरखरते. रोज पंधरा मिनिटं पुरेत. रविवारी एकदम दोन तास बसल्यास फोड येतात आणि आठवडा वाया जातो.

आणि आपल्याकडचं ऊन! पारा ४५ वर असताना पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत गिटार ठेवू नका. सांध्याचा चिकटवा मऊ पडतो, ब्रिज उचलला जातो आणि तारा पुन्हा उंच होतात.

– एक गिटारशिक्षक, जळगाव