‘गेलं’ की ‘नेलं’?

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघड लिहिते आहे, कारण कंपनीच्या टाकीत गॅसने दगावलेल्या माझ्या भावाची बदनामीही उघडच झाली होती. चार ओळींत आणि जाड मथळ्यात.

तुम्ही बातमीसाठी पहिल्यांदा आलात तेव्हा खरं सांगायचं तर मी तुम्हाला आत घ्यायलाच तयार नव्हते. तोवर घराने पुष्कळ पत्रकार पाहिले होते. एकाने आईच्या तोंडापुढे माईक धरून “आता कसं वाटतंय?” विचारलं. दुसऱ्याने दारातूनच कंपनीचं पत्रक नाचवत “यावर तुमचं म्हणणं?” म्हटलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं. भावाच्या नावात एक अक्षर चुकलेलं, वय चार वर्षांनी वाढलेलं, आणि वर ‘निष्काळजीपणा’. खाली ‘आईने हंबरडा फोडला’ असंही होतं. आई रडलीच नव्हती हो. ती फक्त बोलायची थांबली होती. दुरुस्ती करा म्हणून फोन केला तर पलीकडून उत्तर, “मॅडम, ती बातमी आता जुनी झाली.” तेव्हा भावाला जाऊन तीन दिवस झाले होते.

तुम्ही तासभर बसलात. फार थोडं विचारलंत. आई दोन-तीन वाक्यं पुटपुटली, तेवढ्यावर निघून गेलात. म्हटलं, हीपण त्यातलीच.

रात्री साडेदहाला फोन. “उशीर झालाय, माफ करा. पान सुटायला अर्धा तास आहे. एकच शब्द विचारायचाय. आई म्हणाल्या ते ‘माझं लेकरू गेलं’ की ‘माझं लेकरू नेलं’? रेकॉर्डिंगमध्ये नेमका तिथेच पंख्याचा आवाज आलाय.”

मी वैतागले. काय फरक पडतो, काहीही लिहा, म्हणाले.

“ते मला नाही ठरवता येणार. त्या जाग्या असतील तर विचारता का?”

आई जागीच होती, भिंतीकडे तोंड करून. मी विचारलं. ती उठून बसली, फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “नेलं. आपण होऊन नाही गेला तो.” फोन परत दिला आणि पाणी मागितलं. त्या आठवड्यात तिने आपणहून मागितलेली ती पहिली गोष्ट.

‘गेलं’ म्हटलं की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. ‘नेलं’ला कर्ता लागतो. शाळेत व्याकरण शिकले होते मी. त्याचा उपयोग एवढ्या उशिरा कळला.

सकाळची बातमी मी उभ्यानेच वाचली. एक उपमा नाही, एक उद्गारचिन्ह नाही. कंपनीचं म्हणणं होतं की वास येत असतानाही तो परवानगीवाचून टाकीत उतरला. तुम्ही तेही छापलंत, अवतरणात, त्यांच्या नावावर. आणि लगेच खाली साध्या भाषेत सांगितलंत की हायड्रोजन सल्फाइड या विषारी गॅसला सडक्या अंड्यांसारखा वास येतो तो प्रमाण कमी असताना. दहा लाख भाग हवेत हा गॅस 100 भागांच्या घरात गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं आणि वास गेला, म्हणजे गॅस गेला, असं माणसाला वाटतं. बंद टाकीत उतरण्याआधी हवा मोजावी लागते, नाकावर विसंबता येत नाही. आणि अशा टाक्यांत मरणाऱ्यांत मदतीला धावून उतरलेले किती तरी असतात. माझा भाऊही आधी उतरलेल्या सोबत्याला काढायलाच उतरला होता. हे तोवर कुणीच लिहिलं नव्हतं. पत्रकात नव्हतं ना!

पुढे चौकशी, कागद, खेपा, ते सगळं झालं. ते इथे उगाळत नाही.

तुम्ही कविता लिहिता हे मला फार नंतर कळलं, तेही दुसऱ्याकडून. कळल्यावर आधी धास्तावलेच. आमच्या दुःखावर कुणी सुंदर लिहावं, ही कल्पनाच नको वाटायची. मग तुमच्या बातम्या शोधून वाचल्या आणि लक्षात आलं, कविता तुम्ही बातमीत आणत नाही. बातमीला तुमचा कान तेवढा देता. ‘ग’ आणि ‘न’मधलं अंतर ऐकणारा कान.

मग असे पत्रकार-कवी आणखी कोण, म्हणून मिळेल ते वाचत गेले. अत्रे ‘मराठा’ चालवत आणि ‘केशवकुमार’ नावाने कविता करत, एवढं माहीत होतं. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचं माहीत नव्हतं. तोही वर्तमानपत्राचा संपादक होता. 1862च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, जखमींच्या छापील यादीत त्याला भावाचं नाव दिसलं, तेही चुकीचं छापलेलं. तसाच शोधायला निघाला. भाऊ सापडला, गालावरच्या जखमेवर निभावलं होतं. पण व्हिटमन घरी परतला नाही. वॉशिंग्टनच्या इस्पितळांत जखमी सैनिकांच्या उशाशी बसून त्यांची घरी जाणारी पत्रं लिहून देत राहिला. चुकलेल्या नावापाशी मी बराच वेळ थांबले. त्याला त्याचा भाऊ मिळाला, याचा थोडा हेवाही वाटला. खोटं कशाला बोलू?

चांगुलपणा म्हटलं की आपल्याला काहीतरी मोठं दिसतं, कुणी जीव धोक्यात घालणं वगैरे. बहुतेक वेळा तो एवढासा असतो. पान सुटायला अर्धा तास असताना, कुणी तपासणार नाही हे पक्कं ठाऊक असताना, एका अक्षरासाठी फोन लावणं. तुमच्या धंद्यात हे करायला कुणी शिकवत असेल तर बाकीचे त्या दिवशी गैरहजर होते.

वर्षभराने तुम्ही मला विचारलं होतंत, तो शब्द एका कवितेत घेऊ का? मी आईला विचारलं. ती नको म्हणाली. तुम्ही “बरं” म्हणालात आणि विषय पुन्हा काढला नाहीत. तुमची पुढची दोन वर्षांची प्रत्येक कविता मी संशयाने वाचली आहे, ताई. तो शब्द कुठेही नव्हता.

आईला वाचता येत नाही. पण त्या कात्रणात तिचा शब्द कुठल्या ओळीत आहे ते तिला ठाऊक आहे. बोट बरोबर तिथे जातं. परवा बोट तिथेच ठेवून म्हणाली, “त्या बाईंनी परत विचारलं नाही ना?” नाही म्हटलं. मग बऱ्याच वेळाने, “घे म्हणावं. पण छापायच्या आधी मला वाचून दाखव म्हणावं.”

हा निरोप द्यायचा होता. सवडीने या. रात्री साडेदहालाही चालेल.

तुमची,
त्याची थोरली बहीण