गेटवरच्या फळ्याबद्दल काकूंचे आभार

आदरणीय काकूंना सविनय नमस्कार,

22 सप्टेंबर 2023 रोजी आपल्या वस्तीत घरोघरी महालक्ष्म्यांची जेवणे झाली आणि त्याच मध्यरात्रीनंतर पाऊस कोसळला. काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. उजाडले तेव्हा आमच्या बैठकीत कमरेएवढे पाणी होते. हे साऱ्या नागपूरला ठाऊक आहे. पुढचे आठ दिवस तुम्ही जे केले ते मात्र आपल्या गल्लीबाहेर कोणाला ठाऊक नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

पाणी ओसरताच आम्ही फावडी घेऊन गाळ उपसायला धावलो. तुम्ही शिकवणीचा फळा गेटला टांगून पहिली ओळ लिहिलीत, "गाळ काढण्याआधी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसू द्या." त्या एका ओळीमुळे पंचनाम्याचे पथक आले तेव्हा आमच्याकडे दाखवायला काहीतरी होते. वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नका, बुडालेली गाडी सुरू करून पाहू नका, पाणी उकळूनच प्या, हेही तिथेच वाचले. प्रत्येक सूचनेखाली ती कोठून कळली आणि किती वाजता लिहिली, हे तुम्ही न चुकता नोंदवीत होतात. ज्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी वेगळी बातमी होती, त्या दिवसांत मला याचेच मोल सर्वांत अधिक वाटले.

शासनाने बाधित कुटुंबांना 10 हजार रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा मागच्या खोल्यांतले भाडेकरू ती घरमालकांसाठीच आहे असे समजून गप्प बसले होते. ज्यांना फळा वाचता येत नव्हता त्यांच्या दाराशी तुम्ही स्वतः गेलात, आधार आणि पासबुक शोधायला लावलेत आणि पंचनाम्यात नाव आले की नाही, हे त्यांना विचारून घ्यायला सांगितलेत.

माझ्या मुलीची दहावीची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पाकिटात भिजून चिकटली होती. मी ती ओढून काढणार, तेवढ्यात तुम्ही हात धरलात. पाकीट कडेने कापून, महालक्ष्म्यांच्याच पाटावर कोऱ्या कागदांच्या घडीत ती सावलीत दोन दिवस ठेवलीत. शिक्क्याची शाई थोडी पसरली आहे. बैठक क्रमांक स्वच्छ वाचता येतो.

आपली कृतज्ञ,
समोरच्या घरातील शेजारीण, नागपूर