गाडी सुटल्यावर

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

गाडी आता बल्लारशाच्या पुढे गेली असेल. घरी आलो तर दाराशी तुझे जुने बूट दिसले, डाव्याचा तळ आतल्या बाजूनं झिजलेला. आई म्हणाली, टाकून द्या. मी उचलून माळ्यावर ठेवले.

प्लॅटफॉर्मवर मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, माझ्या गुडघ्याशिवाय तुम्हाला काही दिसतच नाही का?" आणि खिडकीकडे तोंड फिरवलंस. आजीनं दिलेला डबाही माझ्या हातून घेतला नाहीस, आईकडून घेतलास. त्या शब्दानं निरोप व्हायला नको होता. म्हणून बसलो लिहायला, आणि ठरवलं आहे की गुडघ्याचं काढायचं नाही.

तू पाचवीत होतीस. शिवाजीनगरच्या मैदानावर बास्केटबॉलला पहिल्यांदा नेलं तेव्हा बॉल रिंगपर्यंत पोचतही नव्हता. रिंग ३.०५ मीटर उंच आणि तू जेमतेम सव्वाचार फूट. दोन्ही हातांनी पोटाजवळून फेकायचीस आणि दहातून एखादा जायचा. सहावीत सरांनी तो शॉट मोडायला लावला. रिंगच्या अगदी खाली उभं राहायचं, एका हातानं, कोपर आत, बॉल सुटल्यावर मनगट वाकलेलं तसंच ठेवायचं. दोन महिने एक शॉट धड गेला नाही. रात्री रडून म्हणायचीस, "आधी जात तरी होते." तेव्हा मी तुला अमेरिकेच्या त्या मोठ्या खेळाडूचं, स्टीफन करीचं सांगितलं होतं, आठवतं? शाळेत असताना तोही कमरेपासून फेकायचा. वडिलांनी एका उन्हाळ्यात त्याची सगळी पद्धत बदलायला लावली आणि तो उन्हाळा त्याला फार जड गेला. पण त्याचे वडील स्वतः एनबीएत, तिकडच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये खेळलेले, ते शिकवू शकत होते. मला बॉल उचलून परत देता येत होता, तेवढं केलं.

मे महिन्यात साडेपाचला निघायचो. सातला सिमेंट तापायला लागायचं, घरी येताना तुझा चेहरा लालबुंद. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींची वही मी अजून जपून ठेवली आहे. पहिल्या पानावर ५० पैकी ११, नववीच्या दिवाळीत ५० पैकी ३८. मग सरांनी एकाच जागेवरून सलग पन्नास फेकणं बंद केलं. धावून ये, दमलेली असताना दोनच फेक, जागा बदल, समोर कोणी हात वर करून उभं. वहीतला आकडा पडला आणि मला सरांचा राग आला. पुढे मॅचमध्ये तुझे शॉट जायला लागले तेव्हा कळलं. मॅचमध्ये कोणी सलग पन्नास देत नाही. तिथं धाप लागलेली असते आणि संधी एक किंवा दोन. डाव्या हातानं ड्रिबल करत बाजारातून दूध आणायचीस ते तर अख्ख्या गल्लीनं पाहिलं आहे.

खामल्याची आत्या परवा पुन्हा म्हणाली, एवढ्या उंचीत काय होणार. मी काही बोललो नाही. तुला शेजारच्या पोरीच्या पायांची हालचाल आधी दिसते, पास कुठे जाणार ते बॉल सुटायच्या आत कळतं. हे मी सात वर्षं रेषेबाहेर उभं राहून पाहिलं आहे. आत्यानं नाही पाहिलं.

आता लिहितोच. गेल्या वर्षी तू अकरा दिवस लपवलंस. स्पर्धा जवळ आली होती, तिथं कोणीतरी मोठ्या माणसानं सांगितलं की थोडं दुखणं चालतंच, आणि तू नी-कॅपवर ओढणी बांधून खेळलीस. जिना उतरताना तू कठडा धरलास म्हणून मला समजलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तुला स्टुलावरून उडी मारायला लावली आणि मला दाखवलं, जमिनीवर येताना डावा गुडघा आत वळतो. त्या म्हणाल्या, गुडघ्यातला तो मोठा लिगामेंट, हाडं जोडून ठेवणारा पट्टा, बहुतेक वेळा धक्क्यानं तुटत नाही, उडीवरून उतरताना किंवा अचानक वळताना तुटतो, आणि मुलींमध्ये मुलांपेक्षा पुष्कळ जास्त. नितंबाचे आणि मांडीच्या मागचे स्नायू मजबूत केले, उतरताना गुडघे वाकवून पंजाच्या रेषेत ठेवायची सवय लावली, तर धोका कमी होतो. सरावाआधीची ती पंधरा-वीस मिनिटं तुला कंटाळवाणी वाटतात. चेन्नईत नवीन टीमसमोर ती गाळू नकोस. सगळ्या थेट शूटिंगला लागल्या तरी तू कोपऱ्यात उभी राहून कर.

तुझ्या कपाटावर अमेरिकेच्या पेज ब्यूकर्सचं चित्र आहे. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, तिकडच्या बायकांच्या लीगमधल्या टीम नव्या खेळाडू निवडतात त्यात, ती पहिली आली हे तुला तोंडपाठ. मला मात्र ऑगस्ट २०२२ आठवतो, तिचा लिगामेंट तुटला आणि पुढचा सगळा सीझन बाकावर गेला. तिच्याकडे मोठी युनिव्हर्सिटी होती, डॉक्टर होते. आपण काय केलं असतं, हा विचार मी रात्री करतो.

आणि झोप. स्टॅनफर्डमध्ये ११ बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं, त्यांचे फ्री थ्रो ९ टक्क्यांनी सुधारले. २०११ मध्ये ते छापून आलं. तू होस्टेलमध्ये दोनपर्यंत मोबाइल घेऊन बसशील हे मला...

बघ, भाषणच झालं. माफ कर बेटा. तुला हे सगळं माझ्याहून चांगलं माहीत आहे. अनिता पॉलदुराई चेन्नईच्याच, इतकी वर्षं देशासाठी खेळल्या, पद्मश्री मिळाली. त्यांच्या गावी माझी मुलगी खेळायला गेली आहे, हे मी आज ऑफिसात दोघांना सांगितलं. संध्याकाळी पुन्हा एकाला सांगितलं.

नंतर मैदानावर गेलो होतो. सवयीनं रिंगच्या खाली उभा राहिलो. लहान मुली खेळत होत्या, एकीचा बॉल माझ्याकडे आला, परत दिला.

दुखलं तर त्याच दिवशी सरांना किंवा मॅडमना सांग. टीममधली जागा गेली तरी चालेल. तुला चालणार नाही, माहीत आहे. तरी सांग.

रविवारी फोन कर. आधी आजीशी बोल, ती आतापासूनच वाट पाहून राहिली आहे. बर्फाची पिशवी निळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवली आहे, तुला न सांगता.

तुझे,
बाबा