चौऱ्याऐंशी हजारांच्या बेटाला जमतं, मग मुंबईला का नाही?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जून तोंडावर आला की आमच्या परळमध्ये दरवर्षी हेच सुरू होतं. मराठी शाळेतल्या बाई भर उन्हात हातात रजिस्टर घेऊन चाळीचाळीतून फिरतात, कुणाकडे सहा वर्षांचं मूल आहे का विचारतात, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून सांगतात की ताई, सेमी इंग्रजी आहे, वह्या-पुस्तकं आम्ही देऊ, फक्त नाव घाला. आणि दहातल्या आठ दारांतून उत्तर येतं की त्याचं ॲडमिशन झालंय, सीनियर केजीत आहे तो. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईंना असं दारोदार फिरताना बघून मला फार वाईट वाटतं. माझी मुलगी अशाच एका अनुदानित मराठी शाळेत चौथीत शिकते. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं काही एकाच शाळेचं नाही.

आता हे सगळं आइल ऑफ मॅन नावाच्या बेटाशी का जोडतेय ते सांगते. माझी मावसबहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे डग्लसला राहते, डग्लस म्हणजे त्या बेटाची राजधानी. तिचा मुलगा तिथल्या साध्या सरकारी प्राथमिक शाळेत जातो आणि आठवड्यातून एकदा एक फिरत्या शिक्षिका येऊन त्याच्या वर्गातल्या ज्यांना हवंय त्या मुलांना मँक्स शिकवतात, मँक्स म्हणजे त्या बेटाची स्वतःची भाषा. सक्ती नाही. तरी हा परळच्या आजीचा नातू व्हिडिओ कॉलवर आम्हाला मँक्समध्ये दहापर्यंत मोजून दाखवतो आणि माझ्या मुलीला भारी उत्साह येतो. त्या निमित्ताने मी ताईला विचारत गेले, वाचत गेले, आणि जे कळलं ते मुंबईतल्या मराठी माणसाने वाचायलाच हवं असं वाटलं म्हणून हे पत्र.

हे बेट इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आहे, क्षेत्रफळ ५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर दोन्ही जिल्हे मिळून होतात त्याहून जरा कमी. पण माणसं किती? २०२१ च्या जनगणनेत ८४ हजार. आपल्याकडे महापालिकेच्या एका वॉर्डात याच्या कितीतरी पट लोक राहतात. राजा ब्रिटनचा, संरक्षण आणि परराष्ट्र धोरण ब्रिटन बघतं, पण बेट ब्रिटनचा भाग नाही. त्यांचं स्वतःचं विधिमंडळ आहे, टिनवाल्ड म्हणतात त्याला, हजार वर्षांहून जुनं असं ते अभिमानाने सांगतात, आणि शिक्षणाचा कायदा तेच करतात, लंडनला विचारायला जात नाहीत. तीसेक प्राथमिक शाळा, पाच सरकारी हायस्कूल, एक युनिव्हर्सिटी कॉलेज, एवढाच सगळा पसारा. अभ्यासक्रम बराचसा इंग्लंडसारखाच, पण त्यात आपल्याला काय घालायचं काय नाही हे ठरवायचा हक्क त्यांचा, आणि तो हक्क ते वापरतात, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा मुद्दा.

कारण तिथे एके काळी शाळाच भाषेच्या मुळावर उठली होती. १८७२ साली तिथे शिक्षण सक्तीचं झालं, चांगलीच गोष्ट, पण ते शिक्षण होतं इंग्रजीतून आणि मँक्सला त्यात जागाच नव्हती. त्याआधीपासूनच लोकांच्या मनात बसलं होतं की या भाषेने एक पेनीसुद्धा मिळायची नाही, म्हणून आईबाप आपापसात मँक्स बोलायचे आणि मुलांशी इंग्रजी. हे वाचताना मला आमच्या बिल्डिंगमधली कितीतरी घरं डोळ्यासमोर आली, जिथे आजी मराठीत विचारते आणि आई नातवाला सांगते बेटा आन्सर इन इंग्लिश. १९०१ च्या जनगणनेत मँक्स बोलणारे साडेचार हजारही उरले नव्हते. आणि २७ डिसेंबर १९७४ ला नेड मॅड्रेल नावाचा क्रेगनीश गावचा म्हातारा मच्छीमार गेला, तो जन्मापासून ही भाषा बोलणारा शेवटचा माणूस. शंभर वर्षांत खेळ खलास.

म्हणजे शाळेतून भाषा गेली की घरातून जायला तीन पिढ्या पुरतात, हे मी तावातावाने बोलत नाहीये, हे तिथे झालंय.

पण पुढचं ऐका. म्हाताऱ्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवलेले होते, १९४८ मध्ये आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाची माणसं खास त्यासाठी बेटावर आली होती, आणि काही तरुण मंडळी सायकलवरून या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसायची, त्यांच्याशी बोलून बोलून शिकायची. त्यातूनच पुढे शिक्षक तयार झाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने पहिला मँक्स भाषा अधिकारी नेमला, ब्रायन स्टोवेल त्यांचं नाव, आणि शाळाशाळांत ऐच्छिक तास सुरू झाले. १९९६ ला पालकांनी पुढे होऊन मुंजर वेगा नावाने छोट्यांची खेळशाळा काढली, म्हणजे आपल्या भाषेत बालवाडीच. ही मुलं मोठी होणार, मग पुढे काय, म्हणून २००१ च्या सप्टेंबरात सगळे विषय मँक्समधून शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली, बुनस्कोल गेलगाख. पहिल्या वर्षी मुलं किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दुसऱ्या एका शाळेत जागा घेऊन सुरुवात केली आणि २००३ मध्ये सेंट जॉन्स गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत गेली. इथे मी थांबले आणि विचार केला की आपल्याकडे एवढ्या पटाची, म्हणजे एवढ्या कमी मुलांची शाळा असती तर पहिल्याच वर्षी समायोजनाचं, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याचं पत्र आलं असतं आणि शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या वॉर्डात गेले असते. तिथे सरकारने ती चालू ठेवली, पगार दिले, आणि पट हळूहळू वाढत साठ-सत्तरच्या घरात गेला.

२००९ ला युनेस्कोने धोक्यातल्या भाषांच्या आपल्या नकाशात मँक्स भाषा संपली असं जाहीर केलं तेव्हा याच शाळेतल्या पोरांनी युनेस्कोला मँक्समध्ये पत्रं पाठवली आणि विचारलं की आमची भाषा मेली असेल तर हे पत्र आम्ही कोणत्या भाषेत लिहितोय. युनेस्कोला शेरा बदलावा लागला. मी हे मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली आई, आपण पण लिहूया ना कुणाला तरी. प्राथमिक शाळेतल्या लेकरांनी जगातल्या एवढ्या मोठ्या संस्थेला बदलायला लावलं कारण त्यांच्याकडे शाळा होती, नुसता अभिमान असता तर ते पत्र लिहिणार कोण होतं?

मी त्या बेटाची आरती ओवाळत नाहीये हेही सांगते. तिथली बहुसंख्य मुलं आजही फक्त इंग्रजीतूनच शिकतात, मँक्सची ती एकच शाळा आहे, तिथून बाहेर पडलेली मुलं पील गावातल्या हायस्कूलात जातात तेव्हा तिथे मँक्समधून तास असतात पण सगळे विषय नाहीत. २०११ च्या जनगणनेत थोडीफार मँक्स येणारे १८२३ लोक होते, म्हणजे अजून लांबचा पल्ला आहे. आणि कुणी म्हणेल की आमची मराठी बोलणारे आठ कोटींहून जास्त, ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आमची त्यांच्याशी कसली तुलना. बरोबर आहे, आपली भाषा उद्या मरणार नाही. पण मुंबईत मराठीतून गणित, विज्ञान, भूगोल शिकणारं मूल मात्र झपाट्याने कमी होतंय आणि मी त्याबद्दल बोलतेय. गिरगाव, दादर, लालबागच्या ज्या शाळांत एका इयत्तेच्या चार-चार तुकड्या असायच्या तिथे आज एक तुकडी भरताना मारामार आहे. माझ्या मुलीच्या शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसवतात, बाई फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ ओढतात, डावीकडे तिसरीचा गुणाकार, उजवीकडे चौथीचा भागाकार, आणि तिसरीवाल्यांना उदाहरणं घालून चौथीकडे वळेपर्यंत बाईंना निवडणुकीच्या कामाचा फोन येतो. त्याच इमारतीत संस्थेने इंग्रजी माध्यम काढलंय, त्याला सकाळचं सत्र, वरचे मजले, नवे बेंच. आम्हाला दुपार. प्रयोगशाळेची चावी मागावी लागते.

पालक मूर्ख नसतात हो. ते सगळं बघतात आणि मगच ठरवतात.

मला त्या बेटाकडून एकच गोष्ट शिकण्यासारखी वाटते, ती म्हणजे त्यांनी साखळी तुटू दिली नाही. आधी तीन वर्षांच्या मुलासाठी खेळशाळा, मग प्राथमिक, मग हायस्कूलात निदान काही तास, आणि मोठ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग. आपल्याकडे नेमकी हीच साखळी जागोजागी तुटलीय. इंग्रजी शाळा मूल तीन वर्षांचं असताना नर्सरीतच घेते आणि आमची शाळा सहाव्या वर्षी पहिलीत घ्यायला निघते, मधल्या तीन वर्षांत फी भरली, मित्र झाले, बस लागली, कोण कशाला काढून आणेल तिथून? बालवाड्या आहेत कुठे कुठे, पण त्या शाळेला नीट जोडलेल्या नाहीत. आणि दुसऱ्या टोकाला महापालिकेच्या कितीतरी शाळा सातवी-आठवीलाच संपतात, नववी-दहावीसाठी शोधाशोध करायला लागते, हे ज्याला आधीच कळतं तो पालक पहिल्याच दिवशी ज्युनियर केजीचा फॉर्म भरून मोकळा होतो. बाईंनी चाळीत कितीही फेऱ्या मारल्या तरी हे गणित सुटणार नाही.

इंग्रजीची भीती मला समजते, मलाही आहे. पण बुनस्कोलमध्ये, म्हणजे त्या मँक्स शाळेत पण इंग्रजीचा तास असतोच आणि तिथली पोरं इंग्रजीत मागे पडली म्हणून ओरड नाही. आपल्याकडे सेमी इंग्रजीची सोय कधीची आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, माझी मुलगी तेच शिकते. फक्त इंग्रजी शिकवायला खरंच इंग्रजी येणारा एक माणूस शाळेत हवा. तिथे सुरुवातीला मँक्स येणारे शिक्षकच मिळत नव्हते, घडवायला लागले. आपल्याकडे डीएड, बीएड झालेली मराठी मुलं वर्षानुवर्षं भरतीची वाट बघतायत आणि शाळेत जागा मंजूर होत नाही, कारण संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या जागांची मंजुरी, पटावर, आणि पट नाही कारण शिक्षक नाही. आणि पैसे नाहीत हे तर कुणी सांगूच नये, २०२५-२६ चं महापालिकेचं बजेट ७४ हजार कोटींच्या पुढे होतं.

२०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचे जीआर सरकारला मागे घ्यावे लागले, तेव्हा सगळी मुंबई बोलत होती, मी पण बोलत होते आणि मला त्याचा अभिमान आहे. तेवढीच ताकद आता मराठी माध्यमाच्या शाळेमागे लागावी असं मनापासून वाटतं. २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला तोही चांगलाच, पण विषय म्हणून आठवड्याला चार तास शिकणं वेगळं आणि मराठीतून जग समजून घेणं वेगळं.

म्हणून आपल्या पेपरातून महापालिकेकडे आणि शिक्षण विभागाकडे माझी मागणी आहे. प्रत्येक वॉर्डात निदान एक मराठी शाळा अशी ठेवा जिथे बालवाडी ते दहावी एकाच छपराखाली असेल, सत्र सकाळचं असेल, प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक आणि इंग्रजीला वेगळा चांगला शिक्षक असेल, शिक्षकांना पट गोळा करायला दारोदार पाठवणार नाही, आणि निदान दहा वर्षं पट कितीही असला तरी ती शाळा बंद किंवा विलीन होणार नाही असं लेखी द्या. आज बालवाडीच्या शेवटच्या वर्षात असलेलं मूल दहावीला जायला साधारण तेवढीच वर्षं लागतात. नगरसेवकांनी आपापल्या वॉर्डातली अशी एक इमारत शोधून तिचं नाव जाहीर करावं. आणि माझ्यासारख्या पालकांना सांगते, जवळच्या मराठी शाळेत या जूनमध्ये एकदा जाऊन वर्गात बसून बघा, बाईंशी बोला, आणि काय कमी आहे ते लिहून वॉर्ड ऑफिसला द्या. परळ-लालबाग भागातले आम्ही काही पालक असं पत्र तयार करतोय, ज्यांना सही करायची असेल त्यांनी शाळा सुटायच्या वेळी गेटवर भेटावं.

आपली,
एक पालक, परळ, मुंबई